'हवामान पूर्वीही बदलायचंच की!' बरोबर. पण कशामुळे?

गाळकाढ्या (धागाकर्ता)

परवा तापमानवाढीवरचा एक धागा नेहमीच्या वळणाने गेला. "हवामान तर पृथ्वी जन्मली तेव्हापासून बदलतंय, तेव्हा कुठे मोटारी होत्या?" असा एक प्रतिसाद आला, दोन्हीकडून बाह्या सरसावल्या गेल्या आणि शेवटी संपादकांनी कुलूप लावलं. ते वाक्य मात्र माझ्या डोक्यातून जाईना, कारण ते सोळा आणे खरं आहे. म्हणणारा तिथेच थांबला आणि चिडणारेही तिथेच अडकले, एवढंच. पुढचा प्रश्न कोणी विचारलाच नाही: बदलायचं, पण कशामुळे?

बोलताना आपण 'नैसर्गिक' म्हणजे 'आपोआप' असं धरून चालतो. पण ज्या ज्या जुन्या बदलाचा नीट तपास झालाय, तिथे कोणी ना कोणी आरोपी सापडलाच आहे: सूर्य, पृथ्वीची कक्षा, ज्वालामुखी, खंडांची सरकासरकी, नाहीतर हवेतला कार्बन. बऱ्याचदा दोघातिघांची टोळी. हा धागा त्या आरोपींसाठी.

आधी अनुभवाचं सांगतो. मी काही वर्षं समुद्रतळाच्या गाळात घालवली आहेत. जहाजावरून पाइप सोडून तळाचा गाळ लांबलचक कांडीसारखा उचलतात, तिचे तुकडे आमच्याकडे यायचे. तुकडा चाळणीत धुवायचा, वाळवायचा, काळ्या ताटलीत पसरायचा आणि सूक्ष्मदर्शकाखाली तीन शून्यांच्या ब्रशचं टोक ओलं करून एकेक कवच उचलायचं. कवच म्हणजे वाळूच्या कणाएवढं. फोरामिनिफेरा नावाच्या एकपेशीय जिवाचं घर. काही फुग्यांच्या घोसासारखी, काही गोगलगायीसारखी वळलेली. शे-दीडशे निवडली की मान कामातून गेलेली असायची.

ही मरमर कशासाठी? तर त्या कवचात ऑक्सिजन असतो, थोडा जड (१८) आणि बहुतांश हलका (१६). हलक्या ऑक्सिजनचं पाणी लवकर वाफ होऊन उडतं. ते ध्रुवाकडे बर्फ होऊन साचून राहिलं की मागे समुद्रात जड ऑक्सिजनचं प्रमाण वाढतं. शिवाय पाणी जितकं गार, तितका जड ऑक्सिजन कवचात जास्त शिरतो. म्हणजे पाणी किती गार होतं आणि जगात बर्फ किती होतं, या दोन्हींचा मिळून एक आकडा हाती लागतो. (त्यातून दोन्ही वेगळे काढायला कवचातलं मॅग्नेशियम मोजतात. ती डोकेदुखी निराळी.) चेझारे एमिलियानी यांनी १९५५ साली याच वाटेने दाखवून दिलं की हिमयुगं तेव्हाच्या पुस्तकांत होती तशी चार नव्हती, कितीतरी जास्त होती.

आता माझा लाडका पुरावा. २००३ मध्ये दक्षिण अटलांटिकमध्ये वॉल्व्हिस रिज नावाच्या समुद्राखालच्या डोंगररांगेवर गाळ काढला. ती कांडी उभी चिरली की खालून वर पांढुरका, खडूसारखा गाळ दिसत येतो, आणि मग एका रेघेवर एकदम विटकरी चिकणमाती. वीतभर, कुठे हातभर. नंतर रंग हळूहळू परत पांढरा. ती रेघ ५ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीची. हवेत आणि समुद्रात प्रचंड कार्बन आला, पाणी आम्लाकडे झुकलं, कवचं तळाशी पोचून विरघळली आणि उरली नुसती माती. पृथ्वीचं सरासरी तापमान ५ ते ६ अंशांनी चढलं. खोल समुद्रातल्या तळवासी फोरामिनिफेरांच्या ३० ते ५० टक्के जाती नष्ट झाल्या. सगळं मूळपदावर यायला दीड-दोन लाख वर्षं लागली. अमेरिकेत वायोमिंगमधल्या बिगहॉर्न खोऱ्यात त्या काळातल्या घोड्यांचे दात सापडतात. आधीच लहानखुरे असलेले ते घोडे उष्णतेत सुमारे ३० टक्क्यांनी आणखी आक्रसले, जेमतेम मांजराएवढे झाले आणि गारवा आल्यावर पुन्हा वाढले.

तेव्हा मोटारी नव्हत्या, कबूल. पण कार्बन होता. तो उत्तर अटलांटिक उघडताना झालेल्या ज्वालामुखींचा की समुद्रतळाखाली गोठलेल्या मिथेनचा, यावर अजून हमरीतुमरी चालते. आरोपी नक्की, साथीदारांवर वाद.

वाचनमात्र

रुमाल टाकून ठेवतो. सावकाश वाचून लिहितो.

उंटावरचाशहाणा

घोडं पेंड खातं ते इथेच! मांजराएवढ्या घोड्याला पेंड तरी किती लागणार?

शंकासुर

लेख आवडला, पण माझं नाव सार्थ केल्याशिवाय राहवत नाही. कार्बन एवढा गुन्हेगार असेल तर ऑर्डोव्हिशियन काळाचं काय? सुमारे ४४.५ कोटी वर्षांपूर्वी हवेत कार्बन डायऑक्साइड आजच्या कैक पट होता असं वाचलंय. आणि नेमकं तेव्हाच हिमयुग! आज ४२० पीपीएमवर (हवेच्या दहा लाख भागांत ४२० भाग) बोंबाबोंब, तेव्हा हजारोंमध्ये असून बर्फ. हे कसं काय?

गाळकाढ्या

शंकासुर, हा या विषयातला सर्वांत चांगला आक्षेप आहे.

तुम्ही आजचा सूर्य तेव्हाच्या आभाळात टांगलात. तारा म्हातारा होताना प्रखर होत जातो. आपला सूर्य ढोबळमानाने दर ११ कोटी वर्षांना एक टक्का. म्हणजे ऑर्डोव्हिशियनमध्ये तो आजच्यापेक्षा साधारण ४ टक्के मंद होता. ४ टक्के ऐकायला किरकोळ वाटतं, पण तेवढी तूट भरून काढायला कार्बन डायऑक्साइड कैक पट लागतो. त्यामुळे आज ज्या पातळीला ध्रुवावर बर्फाचा मागमूस उरणार नाही, त्या पातळीला तेव्हा बर्फ साचू शकत होतं. शिवाय 'हजारो पीपीएम' हे आकडे कोट्यवधी वर्षांच्या ठोकळ्यांचे आहेत. ते हिमयुग त्यामानाने क्षणभराचं. त्याच ठोकळ्यात कार्बन मध्येच खाली उतरला, तर सरासरीत ते दिसणारही नाही.

आणखी मागे गेलात तर कोडं उलटं होतं. पृथ्वी तरुण होती तेव्हा सूर्य आजच्या ७० टक्क्यांच्या आसपास होता. हिशोबाने समुद्र गोठून दगड व्हायला हवे होते, पण खडक सांगतात की पाणी वाहत होतं. कार्ल सेगन आणि जॉर्ज मुलेन यांनी १९७२ मध्ये हे कोडं मांडलं. सूर्य मंद असताना पृथ्वीला उबदार ठेवणारं पांघरूण म्हणजे हरितगृह वायू, हेच त्याचं मुख्य उत्तर मानलं जातं.

टेकडीपल्याड

गाळवाले बोलले, आता खडकवाल्यांना बोलू द्या.

ड्रॉपस्टोन हा प्रकार एकदा हातात घेऊन बघावा. कागदासारख्या पातळ थरांचा खडक: शांत पाण्यात वर्षानुवर्षं बसलेला बारीक चिखल. आणि त्याच्या मधोमध मुठीएवढा, भलत्याच जातीचा गुळगुळीत दगड. त्याच्याखालचे थर गादीवर वजन ठेवल्यासारखे दबलेले, वरचे थर त्याला चादरीसारखे पांघरलेले. इतका मोठा दगड शांत पाण्यात वाहून येणं शक्य नाही. तो वरून पडला. तरंगत्या हिमनगाच्या पोटात अडकून आला आणि बर्फ वितळलं तसा सुटला.

गंमत पुढे आहे. खडक तयार होताना त्यातले लोहकण पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राच्या दिशेत गोठतात. ध्रुवाजवळ ते क्षेत्र जमिनीत खुपसल्यासारखं उभं असतं, विषुववृत्ताजवळ आडवं. तो कल मोजला तर असे काही हिमखडक विषुववृत्ताच्या आसपास जन्मलेले निघाले! समुद्रसपाटीला, विषुववृत्तावर, हिमनद्या. जोसेफ किर्शविंक यांनी १९९२ मध्ये याला 'स्नोबॉल अर्थ' म्हटलं, म्हणजे बर्फाचा गोळा झालेली पृथ्वी. त्यातला मोठा प्रसंग साधारण ७१.७ कोटी वर्षांपूर्वी सुरू झाला आणि ६६ कोटींच्या सुमारास संपला. दुसरा ६३.५ कोटी वर्षांपूर्वी आटोपला.

आपल्याकडचंही एक सांगतो. ओडिशातल्या तालचेर खोऱ्यात १८५६ मध्ये ब्लॅनफर्ड बंधूंनी 'हे बर्फाचं काम आहे' म्हणून गोट्यांचे थर दाखवले. ते पुष्कळ नंतरचे, सुमारे ३० कोटी वर्षांपूर्वीचे. तिथे बर्फ विषुववृत्तावर नव्हतं आलं, जमीनच तेव्हा दक्षिण ध्रुवाच्या बाजूला होती. म्हणून दगड कुठे सापडला यापेक्षा तो कुठे जन्मला हे आधी विचारावं.

निळीशाई

टेकडीपल्याड, अंगावर काटा आला. पण एक विचारू? पूर्ण पांढरी झालेली पृथ्वी सूर्याचा प्रकाश परत भिरकावणार, म्हणजे आणखी गार होणार. मग ती त्यातून बाहेर कशी आली? आणि जीव कुठे लपले होते?

टेकडीपल्याड

पहिला प्रश्न मिखाईल बुडिको यांनाही १९६९ मध्ये पडला होता. त्यांच्या गणितात बर्फ एका हद्दीपलीकडे विषुववृत्ताकडे सरकलं की माघार नाही.

सुटका ज्वालामुखींनी केली. ते बर्फाला भीक घालत नाहीत, कार्बन डायऑक्साइड ओकतच राहतात. एरवी पाऊस तो धुऊन खाली आणतो, पाणी खडकांशी रासायनिक झटापट करतं आणि कार्बन चुनखडी होऊन समुद्रतळाला जातो. पृथ्वी तापली की पाऊस आणि झीज वाढते, कार्बन कमी होतो. पृथ्वी गारठली की झीज मंदावते, कार्बन साचतो. वॉकर, हेज आणि कास्टिंग यांनी १९८१ मध्ये मांडलेला हा पृथ्वीचा थर्मोस्टॅट. सगळं बर्फाखाली गेल्यावर झीजच बंद, त्यामुळे कार्बन लाखो वर्षं साचत गेला आणि एके दिवशी (भूवैज्ञानिक 'दिवस' हो!) बर्फाने हार मानली. पुरावा म्हणजे हिमगाळाच्या थेट डोक्यावर बसलेले चुनखडीचे जाड थर. नामिबियात पॉल हॉफमन आणि सहकाऱ्यांनी ते दाखवले. बर्फाच्या खुणा आणि गरम समुद्राची चुनखडी यांच्यामध्ये बोटभरही जागा नाही.

जीव तगले ते बर्फावरच्या वितळपाण्याच्या डबक्यांत, उष्ण झऱ्यांपाशी, पातळ बर्फाखाली. काहींच्या मते विषुववृत्तापाशी उघड्या पाण्याचा पट्टाही शिल्लक होता.

शुद्धाक्षरे

अवांतर: परवाच्या त्या धाग्यात दोनतीन जण 'वातावरण बदल' लिहून गेलेत. वातावरण म्हणजे पृथ्वीभोवतीचं वायूंचं आवरण. आज आहे ती हवा, आणि वर्षानुवर्षांचं तिचं मान ते हवामान. शब्दातच सगळं आहे, आपण उगाच घोळ घालतो.

उंटावरचाशहाणा

मास्तर आले, पळा.

शंकासुर

सूर्याचा मुद्दा पटला. आता दुसरी शंका. अंटार्क्टिकाच्या बर्फात म्हणे आधी तापमान वाढतं आणि कार्बन डायऑक्साइड काही शतकांनी मागून येतो. मग कार्बन कारण कसा? तो तर वरातीमागचं घोडं झाला. (मांजराएवढं का होईना.)

बर्फाचाखडा

याचं उत्तर मला देऊ द्या.

१९६५ मध्ये अंटार्क्टिकात क्लोद लोरियस नावाचे फ्रेंच संशोधक खोलातून काढलेल्या बर्फाचा तुकडा व्हिस्कीत टाकून बसले होते. बर्फ वितळताना त्यातून बुडबुडे तडतडत बाहेर येऊ लागले. त्यांच्या मनात आलं, ही तर जुनी हवा! हिमवर्षाव साचत जातो, दाबला जातो आणि त्यात अडकलेली हवा कायमची बंद होते. पुढे तिथल्याच व्होस्तोक या रशियन तळावरच्या बर्फातून ४ लाख २० हजार वर्षांची हवा मिळाली (१९९९), आणि एपिका या युरोपीय मोहिमेने ८ लाख वर्षांपर्यंत मजल मारली. त्या सगळ्या काळात कार्बन डायऑक्साइड हिमयुगांत १८०च्या आसपास आणि उबदार काळात २८०च्या आसपास, ३००च्या वर जवळजवळ कधीच नाही.

आता मेख. हिम वरच्या ऐंशीशंभर मीटरपर्यंत सच्छिद्र असतं, हवा त्यातून ये-जा करते. ती बंद होते त्या खाली. म्हणून बुडबुड्यातली हवा भोवतालच्या बर्फापेक्षा शेकडो, कधी हजारो वर्षांनी तरुण असते. तापमान कळतं बर्फावरून, कार्बन कळतो हवेवरून, आणि दोघांच्या जन्मतारखा वेगळ्या! जुन्या मोजणीत काही शतकांचं अंतर दिसायचं, सुधारित मोजणीत ते पुष्कळ आक्रसलं. शिवाय अंटार्क्टिका म्हणजे जग नव्हे. २०१२ मध्ये जगभरच्या ८० नोंदी एकत्र मांडल्या तेव्हा शेवटचं हिमयुग संपताना जागतिक तापमान बहुतांशी कार्बनच्या मागून चढलेलं दिसलं.

पण समजा कार्बन थोडा मागून आला, तरी काय बिघडलं? माइक स्पीकरसमोर धरला की शिट्टी वाजते. पहिला आवाज कोणाचा का असेना, कान फाडणारी ती फिरत वाढलेली शिट्टी असते. हिमयुगांत पहिला आवाज कक्षेचा. समुद्र जरा तापला, त्याने कार्बन सोडला, त्याने पुन्हा तापवलं. बर्फ हटलं, काळी जमीन उघडी पडली, तिने आणखी ऊन खाल्लं.

वाचनमात्र

वाचून झालं. दंडवत सगळ्यांना. 'कक्षेचा आवाज' म्हणजे काय, ते कोणीतरी माझ्यासारख्या ढ माणसासाठी सांगा.

गाळकाढ्या

ढ वगैरे काही नाही, यात भलेभले चुकले.

पृथ्वीची कक्षा कधी जवळजवळ गोल, कधी किंचित लांबट होते (सुमारे १ लाख वर्षांचं चक्र). आस २२.१ ते २४.५ अंशांमध्ये कलते (४१ हजार). आणि भोवऱ्यासारखी डुलते, त्यामुळे आपण सूर्याच्या सर्वांत जवळ असताना कोणता ऋतू असेल ते पालटतं (१९ ते २३ हजार). वर्षभराचं एकूण ऊन फारसं बदलत नाही, ते कुठे आणि केव्हा पडतं ते बदलतं.

हे आधी नेटाने मांडलं जेम्स क्रॉल यांनी. गृहस्थ ग्लासगोतल्या एका महाविद्यालयाच्या संग्रहालयात रखवालदार होते. तिथल्या ग्रंथालयात वाचून वाचून १८६४ मध्ये त्यांनी हिमयुगांवर निबंध छापला. पुढे रॉयल सोसायटीचे सदस्य झाले. पण त्यांनी हिवाळ्यावर भिस्त ठेवली: हिवाळा कडक तर बर्फ जास्त. इथे गाडी चुकली. उत्तरेकडे हिवाळ्यात बर्फ पडतंच, प्रश्न ते उन्हाळ्यात वितळतं का हा आहे. हवामानशास्त्रज्ञ व्लादिमीर कोपेन यांनी मिलुतिन मिलानकोविच यांना नेमकं हेच सुचवलं. मिलानकोविच सर्बियन, पहिलं महायुद्ध सुरू होताच पकडले गेले, मग बुडापेस्टमध्ये नजरकैदेत ग्रंथालयात बसून गणितं करत राहिले. ६५ अंश उत्तरेचं उन्हाळी ऊन हा त्यांचा मापदंड. १९४१ मध्ये सगळं ग्रंथरूपाने आलं. फारसं कोणी मानलं नाही. १९७६ मध्ये हेज, इम्ब्री आणि शॅकल्टन यांनी समुद्रगाळात तीच चक्रं मोजून दाखवली, आणि तीही त्याच फोरामिनिफेरांच्या कवचांतून. (मान दुखल्याचं सार्थक होतं कधीकधी.)

निळीशाई

याच डुलण्यामुळे सहारा हिरवा होता ना?

गाळकाढ्या

हो. साधारण ११ हजार ते ५ हजार वर्षांपूर्वी उत्तरेचा उन्हाळा सूर्याच्या जवळ यायचा, आफ्रिकेचा मान्सून वर सरकला. तळी, गवत, पाणघोडे. अल्जीरियातल्या तासिली नाज्जेरच्या खडकांवर गुराढोरांचे कळप रंगवलेत, आज तिथे चिटपाखरू नाही.

शंकासुर

माघार घेतोय असं समजू नका, पण वेगाबद्दल बोला. 'पूर्वी बदल संथ, आता जलद' हे पालुपद नेहमी ऐकतो. मग डान्सगार्ड-ओश्गर घटना? शेवटच्या हिमयुगात ग्रीनलंड काही दशकांत ८ ते १५ अंशांनी तापायचा. एकदा नाही, पंचवीसेक वेळा. हे तर आजच्याहून जलद झालं.

बर्फाचाखडा

आकडे बरोबर. 'निसर्ग नेहमी संथ असतो' असं कोणी म्हणत असेल तर ते चूक आहे, आणि आमच्या बाजूचे लोक ते सर्रास म्हणतात.

पण तो जगाचा ताप नव्हता. अटलांटिकचे प्रवाह उष्णता दक्षिणेकडून उत्तरेला वाहतात. ते जोरात आले की ग्रीनलंड तापायचा आणि अंटार्क्टिका हळूहळू गारठायचा, मंदावले की उलट. सीसॉसारखं. उष्णता एका खिशातून दुसऱ्या खिशात, एकूण गंगाजळी फारशी हलत नव्हती. आज दोन्ही खिसे एकदम फुगतायत.

मला स्वतःला या घटना दिलासा देत नाहीत. तोल जायला धक्का किती लहान पुरतो, हे त्या दाखवतात.

गाळकाढ्या

त्यातच भर. शेवटच्या हिमयुगाच्या तळापासून (२१ हजार वर्षांपूर्वी, समुद्र १२० मीटर खाली, जग ५-६ अंशांनी गार) वर येताना कार्बन डायऑक्साइड सुमारे ८० पीपीएम वाढायला हजारो वर्षं लागली. हवाई बेटांवरच्या मौना लोआवर १९५८ मध्ये मोजणी सुरू झाली तेव्हा ३१५ होता, आज ४२० पार. आणि त्या विटकरी रेघेच्या वेळी? तेव्हा कार्बन वर्षाला साधारण एक अब्ज टनाच्या आसपास किंवा कमी दराने येत होता असा अंदाज आहे. आपण वर्षाला सुमारे १० अब्ज टन सोडतो.

शंकासुर

ठीक. मग तुमच्याच पद्धतीने आजचे आरोपी उभे करा. कार्बन वाढलाय हे मान्य, पण तो ज्वालामुखींचा नाही कशावरून?

गाळकाढ्या

एकेक घेऊ. सूर्य: १९७८ पासून उपग्रह मोजतायत, अकरा वर्षांचे चढउतार दिसतात, वाढ नाही. कक्षा: ती सध्या किंचित गारव्याकडेच नेणारी. खंड: नख वाढतं त्या वेगाने सरकतात, शतकभरात फार तर काही मीटर. ज्वालामुखी: त्यांचा वार्षिक कार्बन डायऑक्साइड आपल्या एका टक्क्याहूनही कमी.

वर कार्बनच्या अंगावर ठसे असतात. कार्बन-१४ हा कार्बनचा किरणोत्सारी प्रकार काही हजार वर्षांत विरत जातो, त्यामुळे कोट्यवधी वर्षं पुरलेल्या कोळशात आणि तेलात तो शिल्लकच नसतो. असा 'मेलेला' कार्बन हवेत मिसळतोय हे हान्स स्यूस यांनी १९५५ मध्येच झाडांच्या लाकडात पाहिलं. ज्वालामुखीच्या कार्बनमध्येही १४ नसतो म्हणाल, तर कार्बन-१३ बघा, म्हणजे कार्बनचाच किंचित जड प्रकार. वनस्पती तो कमी घेतात, म्हणून वनस्पतींपासून बनलेल्या इंधनात तो कमी, ज्वालामुखीच्या वायूत त्यामानाने जास्त. हवेतलं त्याचं प्रमाण घसरतंय. शिवाय हवेतला ऑक्सिजनही किंचित कमी होतोय, तो काही ज्वालामुखी खात नाहीत. ज्वलन खातं.

शंकासुर

कार्बन-१३चं माहीत नव्हतं. तूर्त माझी हरकत मागे. पण एक राहिलं. तुम्ही म्हणालात कक्षेची तीन चक्रं. मग हिमयुगं आधी दर ४१ हजार वर्षांनी यायची आणि १२ ते ७ लाख वर्षांपूर्वीच्या दरम्यान १ लाखावर का गेली? कक्षा तर तीच.

बर्फाचाखडा

अरे वा, आता बरोबर जखमेवर बोट ठेवलंत! कोणी म्हणतं कार्बन हळूहळू उतरत गेला. कोणी म्हणतं हिमनद्यांनी भुसभुशीत माती खरवडून टाकली, खाली टणक कातळ लागला आणि त्यावर बर्फ जास्त उंच साचू लागलं. निवाडा करायला त्या काळची हवाच हवी. जानेवारी २०२५ मध्ये अंटार्क्टिकात २,८०० मीटर खोलातून १२ लाख वर्षांपर्यंतचं बर्फ वर आलंय. खालच्या टोकाला एका मीटरमध्ये दहा-दहा हजारांहून जास्त वर्षं दाबून बसलीत. यावर वेगळा धागा काढतो.

वाचनमात्र

त्या धाग्यावर आत्ताच रुमाल.